सहाव्या रांगेतली

रविवारी सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी तिच्या लॅपटॉपवर एक मेसेज येऊन उभा राहिला आणि माऊसवरचा तिचा हात होता तिथेच राहिला. मेसेज अगदी साधा होता. ‘आज जरा उशीर झाला, पण आले. आजच्या गोष्टीत एक जिना असू द्या.’ आणि खाली नाव, सहाव्या रांगेतली. आता यात दचकण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. वाचनालयाचं वरच्या मजल्यावरचं सभागृह, दीडशे खुर्च्या, समोर गोष्ट सांगणाऱ्या बाई, त्यांच्या पाठीमागे पांढरी भिंत, आणि श्रोते आपापल्या मोबाईलवरून जे लिहितील ते त्या भिंतीवर उमटणार. तिथे सहाव्या रांगेतल्या कोणी जिना मागितला तर मागितला. पण मुद्दा असा होता की सहाव्या रांगेतली अशी कोणी बाई नव्हतीच. तिला हिनेच जन्माला घातलं होतं. त्या नावाचे आजवरचे सगळे मेसेज हिने इथेच, मागच्या कोपऱ्यातल्या या टेबलाशी बसून, स्वतःच्या अंगठ्याने लिहिले होते. आणि आज तिने काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं. तिचा मोबाईल पर्समध्ये होता, पर्स टेबलाखाली होती आणि पर्सची चेनसुद्धा लावलेली होती. तिने खाली वाकून खात्री करून घेतली.

तिचं कामच मुळी लोकांना बोलतं करण्याचं. आठवडाभर ती एका छोट्या कंपनीत पगार घेऊन हेच करायची. डॉक्टरांची परिषद असो, कुठल्याशा नव्या यंत्राचं अनावरण असो, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो, मोठ्या पडद्यावर हॅशटॅग लावायचा, लोकांना सांगायचं की लिहा, फोटो टाका, प्रश्न विचारा. मग लोकांनी लिहिलेलं तिच्यापाशी रांगेत येऊन उभं राहायचं. बरं असेल ते हिरव्या बटणाने भिंतीवर सोडायचं, वाह्यात असेल ते राखाडी बटणाने वगळायचं. हात वर करायला माणसाला लाज वाटते, अंगठा हलवायला वाटत नाही, या एवढ्या एका गोष्टीवर त्यांच्या कंपनीतल्या सहा जणांची पोटं चालली होती. पण अंगठासुद्धा पहिला कोणी हलवत नाही हो. पहिला मी कशाला, असं दीडशे माणसं एकाच वेळी मनात म्हणतात आणि भिंत कोरीच्या कोरी राहते. म्हणून पहिले दोन-तीन मेसेज नेहमी कंपनीचेच असत, खोट्या नावाचे आणि खोट्या उत्साहाचे. ऑफिसात त्याला विरजण म्हणायचे. विरजण लावलंस का, असं साहेब कानाशी येऊन विचारायचे. दूध आपलं आपण लागत नाही, चमचाभर कुठून तरी आणावंच लागतं, हे तिला मनापासून पटलेलं होतं, आणि त्यात तिला कधी पाप वाटलं नाही. ‘मागच्या बाकावरचा’, ‘चहाची वाट बघणारा’, ‘आशावादी’ अशी कितीतरी माणसं तिने सकाळी जन्माला घातली आणि दुपारच्या जेवणापर्यंत विसरूनही गेली.

सहाव्या रांगेतली मात्र जगली, आणि त्याला कारण सासूबाई. सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती, कानाला हेडफोन लावून, इकडच्या माणसाचा आवाज तिकडच्या माणसाला जोडून देत. नुसत्या हॅलोवरून समोरचा जेवलाय की उपाशी आहे ते आपल्याला कळतं असं त्या म्हणायच्या, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मुलाला त्यांनी लहानपणीच बजावून ठेवलं होतं की माझ्याशी खोटं बोलायचं असेल तर लिहून बोल, तोंडाने बोललास की पकडला जाशील. निवृत्त झाल्यावर त्या वर्षभर घरात बसल्या. घरातली सगळी कपाटं दोनदा आवरून झाली. तिसऱ्यांदा आवरायला घेतली तेव्हा मुलगा आणि सून दोघंही धास्तावली. मग वाचनालयाच्या ग्रंथपालांनी विचारलं, रविवारी सकाळी लोकांना काही सांगाल का. सासूबाई म्हणाल्या, पाठ केलेलं मला काही येत नाही, समोरच्याने काही दिलं तर त्यावरून सांगेन. वस्तू द्या, माणूस द्या, जागा द्या, आणि मधे थांबून मी विचारीन की आता पुढे काय, ते तुम्ही सांगायचं. एकतीस वर्षं लोकांची अर्धी अर्धी बोलणी कानांवरून गेलेली; त्यांच्याकडे गोष्टींना काय तोटा.

पहिल्या रविवारी बावीस माणसं आली, त्यातली सात ग्रंथपालांच्या घरची. सुनेने हौसेने सगळं मांडलं होतं, दारावर हॅशटॅग चिकटवला होता, भिंत उजळली होती. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, हं, एक वस्तू द्या. कोणी काही देईना. एक जण खोकला. कोणाची तरी खुर्ची करकरली. पन्नास सेकंद, साठ, सत्तर. कामावर तिने अशा कोऱ्या भिंती शंभर बघितल्या होत्या, पण तिथे भिंतीपुढे बसलेलं माणूस आपल्या घरचं नसायचं. सासूबाईंचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला आणि घड्याळाचा पट्टा चाचपायला लागला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि आपल्या सासूबाई घाबरू शकतात हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तिने टेबलाखाली मोबाईल घेतला आणि नवं खातं उघडलं. नाव कोणीही कुठलंही घेऊ शकायचं, पण काय द्यावं? बावीस माणसं पाच रांगांत पसरली होती, सहावी रिकामी होती, आणि दिव्याच्या झोतामुळे स्टेजवरून पाचवीच्या पलीकडचं काही दिसत नसे. म्हणून सहाव्या रांगेतली. तिने लिहिलं, ‘एक किल्ली, जी घरातल्या कुठल्याच कुलपाला लागत नाही.’ सासूबाईंनी मान वळवून वाचलं. हात मनगटावरून सुटला. मग त्यांनी त्या किल्लीला असं काही कामाला लावलं की चौथ्या मिनिटाला ग्रंथपालांच्या मेहुण्याने लिहिलं, किल्ली शेजारच्यांची निघू द्या, आणि त्याच्यावर ताण म्हणून दुसऱ्या कोणी लिहिलं, नको, शेजारी मेलेले असू द्या. विरजण लागलं होतं. नियमाने सहाव्या रांगेतलीचं काम तिथेच संपायला हवं होतं. पण कार्यक्रम आटोपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता तिने त्या नावाने आणखी एक मेसेज लिहिला. ‘तुमचा आवाज ऐकताना वाटलं, घरी कोणीतरी आपली वाट बघतंय.’ तो का लिहिला, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याचा विरजणाशी काही संबंध नव्हता.

संध्याकाळी चहाला बसल्यावर सासूबाईंनी चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब धरला आणि तो मेसेज तिलाच वाचून दाखवला. दोनदा. मग म्हणाल्या, “बघ, काय लिहितात लोक. तुला सुचलं असतं का असं?” ती नाही म्हणाली आणि साखरेचा डबा आणायला उठली, कारण समोर बसून आणखी एक शब्द बोलली असती तर पकडली गेली असती. सासू-सुनेचं तसं बरं चाललं होतं. भांड्याला भांडं लागायचं, पण कधी काही फुटलं नव्हतं. दिवसभरात दोघींचं बोलणं व्हायचं ते दुधाचं, इस्त्रीच्या कपड्यांचं, गॅस बंद केला का याचं. आई, गोळी घेतलीत का, हे तिच्या मायेचं शेवटचं टोक. त्याच्या पुढचं तिच्या तोंडातून निघत नसे. मनात नव्हतं असं नाही. तोंडाला सवय नव्हती. माहेरी आई इस्पितळात आणि बाबा छापखान्यात, दोघांच्याही पाळ्या दुपारच्या. ती शाळेतून यायची तेव्हा घरात चिटपाखरू नसायचं. दार उघडलं की आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी असायची. दूध तापवलंय, साय तुझी. पाय दुखत असतील तर गरम पाण्यात बुडवून बस. एकदा, निकालाच्या दिवशी, बाबांच्या अक्षरात, गणितात नापास झालीस तरी घरीच ये. ती नापास झाली नव्हती, तरी ती चिठ्ठी हातात घेऊन दाराला टेकून ती किती वेळ बसली होती. सुट्टीच्या दिवशी तिघं एकत्र असली की मात्र कोणी काही बोलायचं नाही. सगळे पेपर वाचायचे. बोलायचं ते आठवडाभर लिहून झालेलं असायचं, आणि त्या घरात कोणाला त्यात काही कमी आहे असं वाटत नव्हतं. तिलाही वाटलं नाही. लग्न होऊन इथे आली तेव्हा इथली माणसं एकमेकांशी तोंडावर इतकं बोलतात, आवडलं तर आवडलं म्हणतात, नाही तर तसंही म्हणतात, याचं तिला पहिले सहा महिने दडपण यायचं.

म्हणून असेल, सहाव्या रांगेतलीच्या नावाने तिला मोकळं वाटायचं. दर रविवारी एक मेसेज, कधी दोन. तुम्ही थांबता तिथे मीही श्वास घ्यायची थांबते. आज तुम्ही त्या म्हाताऱ्याला माफ केलंत, मी नसतं केलं, पण मला बरं वाटलं. तुमच्याकडे बघून वाटतं, म्हातारपण वाईट नसतं. हा शेवटचा सासूबाईंनी आपल्या मुलाला झोपेतून उठवून वाचून दाखवला होता. त्यांनी चष्म्याची फ्रेम बदलली. गोष्ट सांगताना पाचवीच्या पलीकडे, अंधारात, कोणाकडे तरी बघून सांगायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर तिथूनच त्या जास्त चांगलं सांगायला लागल्या. लोकांनी भिंतीचे फोटो काढून आपापल्या पानांवर टाकले, ते बघून आणखी लोक आले, पाचाच्या बारा रांगा झाल्या, सहावीतही खरी माणसं येऊन बसली. आता पहिल्या मिनिटालाच पन्नास मेसेज येऊन थडकायचे. विरजणाची गरज केव्हाच संपली होती. ती लिहायची ते निव्वळ स्वतःसाठी. आणि मग महिन्यापूर्वी जेवताना सासूबाई म्हणाल्या, त्या सहाव्या रांगेतल्या बाईंना एकदा घरी चहाला बोलवू या. तिने हातातला घास ताटात ठेवला. पाणी प्यायली, हो म्हणाली, आणि पुढच्या रविवारपासून लिहायचं बंद केलं.

तीन रविवार भिंतीवर ते नाव आलं नाही. पहिल्या वेळी सासूबाईंनी नुसतं विचारलं. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, बरं नसेल का गं त्यांना, एकट्याच असतील. तिसऱ्या रविवारी गोष्ट मधेच लंगडी पडली, कोणाच्या लक्षात आलं नाही पण तिच्या आलं. आणि आज सकाळी आरशापुढे उभ्या राहून केस विंचरता विंचरता त्या म्हणाल्या की आजही त्या आल्या नाहीत तर मी समजेन, त्यांना माझा कंटाळा आला. तिने मनात ठरवून टाकलं होतं. साडेअकराच्या सुमाराला शेवटचा एक मेसेज लिहायचा, मी गाव सोडून लांब चाललेय, आता येणं होणार नाही, सांभाळून राहा. शब्दसुद्धा जुळवून झाले होते. रीतसर निरोप, ना कोणाला दुःख ना कोणाला संशय. आणि अकरा अठराला ही कोण कुठली येऊन म्हणते, आज जरा उशीर झाला, पण आले. याला म्हणतात चोरावर मोर.

समोर सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि लोकांनी आतापर्यंत दिलेल्या वस्तू भिंतीवरून वाचत होत्या. बिनदांड्याची छत्री. इस्त्री करताना जळालेली बाही. कोणा टवाळाने लिहिलं होतं, बायकोचा रुसवा. त्यावर सगळे हसले. सासूबाईही हसल्या, पण हसून झाल्यावर त्यांची नजर भिंतीवर खाली-वर फिरली, आणि त्यांनी विचारलं, “आमच्या सहाव्या रांगेतल्या बाई आल्यात का आज?” हिरवं बटण दाबलं की झालं, सासूबाईंचा चेहरा फुलणार होता. पण मग सहाव्या रांगेतली या परकीची होणार होती, कायमची. सासूबाई तिला स्टेजवरून हाक मारणार, घरी चहाला बोलावणार, आणि आपण चहा करून त्यांच्यापुढे ठेवणार. आपल्या मनातलं सासूबाईंपर्यंत जायची एवढी एकच वाट होती, ती आपण महिनाभर बंद ठेवली होती खरी, पण बंद ठेवणं वेगळं आणि दुसऱ्याने येऊन तिथे राहायला लागणं वेगळं. तिला चक्क राग आला. ज्या नावावर आपला काडीचा हक्क नाही त्या नावासाठी आपण चिडलोय, हे कळत होतं, तरी आला. तिने राखाडी बटण दाबलं. मेसेज रांगेतून गेला. कामात रोज वीस-पंचवीस मेसेज ती असे घालवायची, पण या वेळी बोट उचलल्यावर तिला ओशाळल्यासारखं झालं.

सासूबाई बरं म्हणाल्या, आणि छत्रीवरून गोष्टीला सुरुवात केली. सुरुवात काही जमत नव्हती. छत्री कोणाची, ते ठरेना. तेवढ्यात रांगेत पुन्हा तेच नाव आलं. या वेळी मेसेज लांब होता, आणि चुकांनी भरलेला, एका बोटाने लिहिलेला असावा तसा. ‘मेसेज लावणाऱ्या ताई, माझा मेसेज दिसला नाही. तुम्हाला कळलं असेल. आधीचे मेसेज माझे नाहीत. मी सहाव्या रांगेत कडेला बसते म्हणून लोक विचारतात की तुम्हीच का त्या. पहिल्यांदा नाही म्हणाले. मग एकदा हो म्हणाले. त्यांनी लिहिलेलं सगळं माझ्या मनातलंच असतं. मला लिहायला सुचत नाही. हल्ली त्या येत नाहीत आणि बाई वाट बघतात, ते बघवत नाही, म्हणून आज धीर केला. हे भिंतीवर लावू नका.’

तिने मान वर केली आणि सहावी रांग मोजत शोधली. कडेच्या खुर्चीत एक बाई बसली होती. पन्नाशीच्या आतबाहेर, राखी स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. दोन्ही हातांत मोबाईल नाकाशी धरलेला, त्याचा उजेड चेहऱ्यावर, कपाळाला आठ्या. भिंतीवर नवा मेसेज उमटला की ती झटकन वर बघायची, वाचायची, आपला नाही हे कळलं की पुन्हा खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. हे बघताना हिला काहीतरीच व्हायला लागलं. अकरा वर्षं ती हे काम करत होती, हजारो लोकांचे मेसेज तिने लावले होते आणि वगळले होते, आकडे काढले होते, आलेख करून साहेबांना दिले होते, आणि आपण लिहिलेलं भिंतीवर दिसण्याची वाट बघणारा एक चेहरा तिने आजवर नीट बघितला नव्हता. या बाईला कोणी पगार देत नव्हतं. ती दुसऱ्याचा आधार घेऊन का होईना, पण स्वतःचं पहिलं वाक्य बोलायला उठली होती, आणि ते वाक्य हिने राखाडी बटणाने पुसून टाकलं होतं. आणि मजा अशी की विरजण विरजण म्हणतात ते जर कधी खरोखर लागलं असेल तर ते इथे, या राखी स्वेटरात लागलं होतं, आणि लावणारीच त्यावर झाकण ठेवून बसली होती. तिला आपली लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, कोणाला सांगून पटणार नाही, पण एकदम हलकं वाटलं. आपल्याला सुचलेलं सगळं दुसऱ्या कोणाच्या मनातलंही होतं म्हणजे ते खोटं नव्हतं. तिने वगळलेल्यांचा ढीग उघडला, जिन्याचा मेसेज शोधला आणि हिरवं बटण दाबलं.

सासूबाईंनी मान वळवली. छत्री तशीच अर्ध्यावर राहिली. त्यांनी मेसेज मोठ्याने वाचला, नावही वाचलं, आणि अंधारात बघून म्हणाल्या, “उशीर झाला तर झाला. या. जिना देते तुम्हाला.” राखी स्वेटरातल्या बाईने मोबाईल छातीशी धरला. शेजारच्याने तिच्याकडे बघून हात जोडल्यासारखं केलं, आणि तिने मान हलवली, हो हो, मीच ती. मागच्या टेबलाशी बसून हिला ते दिसलं आणि तिला वाटलं होतं तितकं काही दुखलं नाही. तोवर सासूबाईंची गोष्ट जिना चढायला लागली होती.

एक बाई बारा वर्षांनी एका इमारतीत येते आणि जिना चढते, एवढीच गोष्ट. पहिल्या वळणावर कोणी लिहिलं, मघाची छत्री तिथे ठेवलेली असू द्या, वाळत. दुसऱ्या वळणावर कोणाच्या तरी घरात रेडिओ. तिसऱ्यावर एक म्हातारा कुत्रा, जो तिला ओळखतो, पण उठायचा कंटाळा म्हणून नुसती शेपटी आपटतो. त्यावर सभागृह हसलं. सासूबाई एकेक पायरी मोजत चढत होत्या, आवाज खाली उतरवत, आणि ती भराभर मेसेज लावत होती, आणि लावता लावता कधी थांबली ते तिचं तिला कळलं नाही. ती तिच्याच जुन्या घराच्या जिन्यात होती, पाठीवर दप्तर, आणि वर दाराआड चिठ्ठी असणार हे माहीत होतं. गोष्टीतली बाई शेवटच्या मजल्यावर पोचली. दार बंद. तिने ठोठावायला हात उचलला. आणि सासूबाई म्हणाल्या, दाराच्या आतही एक जण उभी आहे. तिला जिन्यातली पावलं केव्हाची ऐकू येतायत. तिचा हात कडीवर आहे. बाहेरची म्हणते, आतून उघडलं तर बरं. आतली म्हणते, ठोठावलं की उघडीन. सांगा, आता पुढे काय?

कोणी लिहिलं नाही. दीडशे माणसं, दीडशे मोबाईल, आणि समोर नुसती पांढरी भिंत. साहेब असते तर धावत आले असते. पण ही काही पहिल्या रविवारची कोरी भिंत नव्हती. लोकांनी मोबाईल मांडीवर ठेवले होते आणि सगळे सासूबाईंकडे बघत होते. ती मागे अंधारात बसून रडत होती, आवाज न करता, नाकाला रुमाल लावून, आणि खूप वर्षांत इतकं छान वाटलं नव्हतं. मग सासूबाई उठल्या, म्हणाल्या, बरं, घरी जाऊन ठरवा, आणि टाळ्या झाल्या.

लोक पांगले तशा सासूबाई त्या बाईचा हात धरूनच टेबलापाशी आल्या. ही माझी सून, हिच्यामुळे तुम्ही लिहिलेलं मला दिसतं, असं म्हणाल्या, आणि तेवढ्यात ग्रंथपालांनी त्यांना फोटोसाठी हाक मारली. दोघीच उरल्या. बाई एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. दिवसभर नाव, वय, काय होतंय, एवढंच विचारते, असं त्यांनी सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “दुसरा मेसेज नाही लावलात, उपकार झाले. त्या खऱ्या बाई कधी भेटल्या तर सांगा, त्यांचं नाव मी परत करीन.”

“राहू द्या तुमच्याकडेच,” ती म्हणाली. “त्यांना आता नकोय ते.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ, तिच्या ओल्या रुमालाकडे बघितलं, आणि पिशवी खांद्याला लावत म्हणाल्या, पुढच्या रविवारी लवकर येते. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते त्यांनाच ठाऊक. सासूबाईंनी गुरुवारी त्यांना चहाला बोलावलं होतं.

घर वाचनालयापासून बारा मिनिटांवर. लॅपटॉपची पिशवी तिच्या खांद्यावर, पाण्याची बाटली सासूबाईंच्या हातात, असं त्या दर रविवारी चालत जायच्या, आणि दर रविवारी औषधांच्या दुकानाचा कोपरा वळला की सासूबाई विचारायच्या, कसं झालं गं आज. ती सांगायची, छान झालं, शहाऐंशी मेसेज आले, चौऱ्याहत्तर लावले, मधे एकदा नेट गेलं होतं पण कोणाला कळलं नाही. सासूबाई बरं बरं म्हणायच्या आणि भाजीचं काहीतरी काढायच्या. आज कोपऱ्यापर्यंत त्या नव्या मैत्रिणीबद्दलच बोलत होत्या, किती साधी बाई आहे, बोलायला लाजते पण लिहिते कसं बघ. ती हो म्हणत होती. कोपरा वळला आणि त्यांनी विचारलं, “कसं झालं गं आज?” तिने आकडा सांगायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की आज तिने आकडा बघितलेलाच नाही. लिहायला काही हाताशी नव्हतं.

“मी आज मोजलेच नाहीत, आई,” ती म्हणाली. “ती बाई दारापाशी हात उचलून उभी राहिली ना, तिथून पुढे मला काही दिसेचना. मी रडत होते मागे बसून. तुम्ही फार सुंदर सांगता. मला तुमचं ऐकायला फार आवडतं, पहिल्यापासून आवडतं.”

सासूबाई चालायच्या थांबल्या. मागून येणारा एक माणूस त्यांना वळसा घालून पुढे गेला. त्या तिच्याकडे बघत होत्या, कान जरा तिरका करून, आणि तिला वाटलं आता या म्हणणार, काय गं, काही हवंय का.

“मग इतके महिने हे बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

“दर रविवारी इथे काय विचारते मग मी?”

“मला वाटायचं मेसेजचं विचारता.”

“मेसेजचं मला काय करायचंय, बाई? ते मला भिंतीवर दिसतात की.” सासूबाईंचा आवाज चिरकला. “मी जीव मुठीत धरून विचारायचे, आणि तू आकडे सांगायचीस. मला वाटायचं, हिला आवडत नाही, पण सासूचं मन कशाला मोडा, म्हणून आकडे सांगते.”

एकोणीस रविवार या बारा मिनिटांत ती या बाईच्या शेजारून चालत होती, आणि मनातलं मात्र मागच्या टेबलाशी बसून मोबाईलवर लिहीत होती. तिला हसू आलं, रडूही आलं, दोन्ही एकदम आल्यामुळे चेहऱ्याचं जे काय व्हायचं ते झालं. सासूबाईंनी पदरावरची धूळ झटकावी तसा तिच्या दंडावरून हात फिरवला, आणि बाटलीतलं पाणी तिला प्यायला लावलं.

“आजची झाली,” त्या म्हणाल्या. “आता मागच्या रविवारची सांग. त्याच्या आधीचीही सांग. सगळ्या सांग.”

“घर आलं, आई.”

“येऊ दे. चौकापर्यंत जाऊन परत येऊ.”

दोघी आपल्या दारावरून पुढे गेल्या. तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, घसा साफ केला आणि पहिल्या रविवारपासून सुरुवात केली.